प्रतीक्षागृहातील वाचन : अहमदनगरच्या मिशन-दवाखान्यांच्या निमित्ताने

ग्रंथालयात वा पुस्तकाच्या दुकानात कोणाच्या नजरेस न येणारी एखादी पुस्तिका वैद्याच्या किंवा वकिलाच्या बैठकीच्या खोलीत ठेवली, की तीच वादाचा विषय होते. अशा वेळी चर्चा बहुधा पुस्तिकेतील मजकुराकडे वळते. मजकूर धार्मिक आहे की राजकीय, सभ्य आहे की असभ्य, खरा आहे की खोटा, याची छाननी सुरू होते. वस्तुतः मजकूर दोन्ही ठिकाणी एकच असतो. बदललेली असते ती वाचकाची अवस्था. दुकानातील वाचक पुस्तकाकडे जातो. प्रतीक्षागृहातील वाचकाकडे पुस्तक येते, आणि तेही तो उठून जाऊ शकत नाही अशा घटकेला. हा भेद ज्या जिल्ह्याच्या इतिहासात विशेष स्पष्टपणे पाहता येतो, तो म्हणजे अहमदनगर. २०२४ पासून त्याचे अधिकृत नाव अहिल्यानगर असे आहे.

अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला आपले ठाणे १८३१ च्या अखेरीस घातले. जून १८४२ मध्ये याच गावाहून ‘ज्ञानोदय’ निघाले. भूगोल, खगोल आणि पदार्थविज्ञान यांच्या आधारे पुराणांतील समजुतींवर टीका करणे आणि त्याच ओघात ख्रिस्ती मताचे प्रतिपादन करणे, असा त्याचा दुहेरी हेतू होता. त्यावर प्रत्युत्तरे आली. मोरभट दांडेकरांची ‘उपदेशचंद्रिका’ १८४४ मधील, तर कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘विचारलहरी’ १८५२ मधील. हा वाद पुष्कळदा कडवट झाला. तथापि त्यातील दोन्ही पक्ष साक्षर होते, छापखाना दोघांच्याही आवाक्यात होता, आणि ज्याला ‘ज्ञानोदय’ नको होते त्याला ते न घेण्याची पूर्ण मोकळीक होती. मराठी गद्याच्या इतिहासकारांनी या कागदी युद्धाची दखल पुरेशी घेतली आहे. दवाखान्याच्या ओसरीवर जे वाचले गेले त्याची दखल मात्र फारशी कोणी घेतलेली नाही. तेथे प्रत्युत्तर देणारा कोणी नव्हता, म्हणून नोंदही उरली नाही, असे अनुमान करता येईल.

औषध आणि पुस्तक यांची सांगड मिशनच्या अगदी आरंभापासून दिसते. १८१३ मध्ये मुंबईस आलेला गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिक-त्र्यंबकच्या बाजूस गेला, तेव्हा तेथे पटकीची साथ होती. त्याने जवळची औषधे वाटली, पुस्तकेही वाटली, आणि दोन्ही संपल्यावर तो परत फिरला. वाटेत त्यालाच पटकीने गाठले व २० मार्च रोजी त्याचा अंत झाला. औषध आणि पुस्तक एकाच पिशवीत घालणाऱ्या या माणसाच्या मनात एक दुसऱ्याचे आमिष आहे असा विचार आला असेल, असे मानण्यास आधार नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही उपायच होते, एक देहाचा आणि दुसरा आत्म्याचा. पुढे शतकाच्या अखेरच्या दशकात डॉ. ज्यूलिया बिसेल यांनी अहमदनगरला स्त्रियांसाठी वैद्यकीय काम सुरू केले, तेव्हा हीच भूमिका संस्थेच्या रूपात स्थिर झाली. त्यांच्या मातोश्रींनी एतद्देशीय ख्रिस्ती स्त्रियांना शास्त्रवाचनाचे शिक्षण देऊन तयार केले होते. या ‘बायबल-बाया’ घरोघर आणि जेथे स्त्रिया जमत तेथे वाचन करीत. वैद्यकीय मिशनांचा त्या काळचा सर्वसाधारण परिपाठ असा होता : रोगी जमले की प्रथम शास्त्रवाचन आणि प्रार्थना व्हावी, मग तपासणीस प्रारंभ व्हावा. काही ठिकाणी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर शास्त्रवचन छापलेले असे.

या व्यवहाराचे वर्णन करण्यास मराठीतील तीन क्रियापदसमूह उपयोगी पडतात : ‘वाचून दाखवणे’, ‘वाचायला देणे’ आणि ‘वाचायला ठेवणे’. तिन्हींत वाचन घडवून आणणारा कोणी दुसरा आहे. परंतु त्याची उपस्थिती क्रमाने पुसट होत जाते. वाचून दाखवण्यात तो समोर उभा असतो. ऐकणाऱ्याला कान मिटता येत नाहीत. पण कोण बोलतो आहे आणि कशासाठी, हे त्याला पक्के कळते. वाचायला देण्यात एका क्षणापुरता हाताशी हात लागतो. नाकारणे शक्य असते, मात्र ते देणाऱ्याच्या तोंडावर करावे लागते, आणि त्याच हाताकडून थोड्या वेळाने औषध घ्यायचे असते. वाचायला ठेवण्यात देणारा दिसतच नाही. नकार सर्वांत सोपा येथे, आणि हेतू सर्वांत झाकलेला तोही येथेच. जे. एल. ऑस्टिनने १९५५ च्या व्याख्यानांत उक्तीचा अर्थ आणि उक्तीने साधली जाणारी कृती यांत जो भेद केला, तो येथे लावून पाहण्यासारखा आहे. चिठ्ठीवरील वचनाचा अर्थ घरी, देवळात वा दवाखान्यात एकच. पण औषधाबरोबर हाती दिल्याने घडणारी कृती वेगळी.

प्रतीक्षेसाठी मराठीत असलेली क्रियापदेही बोलकी आहेत. ‘वाट पाहणे’ यात अपेक्षा आहे. ‘तिष्ठणे’, ‘ताटकळणे’, ‘खोळंबणे’ यांत मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर अडकून पडणे आहे. ‘प्रतीक्षालय’ हा पाटीवरचा शब्द पहिल्या गटातला. दवाखान्यातून परतलेला मनुष्य जे सांगतो ते बहुधा दुसऱ्या गटातले असते.

कागद हाती घेणे ही गोष्ट नगर जिल्ह्यातील निरक्षर कुणब्याच्या दृष्टीने निर्हेतुक नव्हती, हेही येथे ध्यानात घेतले पाहिजे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध जो उठाव झाला, तो लगोलग नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत या तालुक्यांत पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे हिसकावून जाळले गेले, कारण आपण ज्यावर अंगठा उठवला त्यात काय लिहिले आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा आला तो याच अनुभवातून. अशा प्रदेशात पुस्तिकांमधील एक मध्यवर्ती शब्द होता ‘तारण’. मिशनऱ्यांनी तो ‘तारणे’ या धातूवरून उद्धार या अर्थी योजला, आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. पण कुणब्याच्या रोजच्या भाषेत तारण म्हणजे कर्जापोटी गहाण ठेवलेली वस्तू. ऐकणाऱ्याच्या मनात या दोन अर्थांची गाठ कशी पडली असेल, याचा पुरावा मिळणे कठीण; तथापि प्रश्न विचारण्याजोगा आहे. ‘वाचणे’ या शब्दाचीही तीच गत. जगणे या अर्थाचा शब्द जुन्या लेखनात ‘वांचणे’ असा सानुस्वार होता. १९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले आणि दवाखान्यातील दोन्ही क्रिया डोळ्यांनाही एकसारख्या दिसू लागल्या.

मिशनच्या बाजूने जे म्हणता येईल ते कमी वजनाचे नाही. पुरुष डॉक्टरपुढे जाण्यास तयार नसलेल्या स्त्रियांना बिसेलबाईंच्या दवाखान्याने उपचार मिळवून दिला. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते अशांच्या हाती छापील मराठी प्रथम अशाच ठिकाणी पडली असण्याचा संभव मोठा आहे. परंतु याच युक्तिवादाची दुसरी बाजूही आहे. दुसरा दवाखाना नाही म्हणून सेवेचे मोल जितके वाढते, तितकीच ऐकण्यास नकार देण्याची शक्यता घटते. ना. वा. टिळकांना १८९३ साली राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने नवा करार दिला. टिळक विद्वान होते, देणाऱ्याकडून त्यांना काही घ्यावयाचे नव्हते, पुस्तक बाकावर सोडून जाण्यास त्यांना आडकाठी नव्हती. त्यांनी ते वाचले, दोन वर्षे झगडले आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्या वाचनाविषयी मतभेद असू शकतो. त्यात सक्ती होती असे कोणी म्हणणार नाही.

विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात हा प्रश्न दोन परस्परविरुद्ध दिशांनी उघड झाला. २३ एप्रिल १९३१ च्या ‘यंग इंडिया’त गांधीजींनी वैद्यकीय मदत आणि शिक्षण यांच्या द्वारा धर्मांतर घडवणाऱ्या मिशनऱ्यांनी परत जावे असे मत मांडले, ख्रिस्ती डॉक्टरने रोग बरा केला एवढ्यावरून रोग्याने धर्म का बदलावा, हा त्यांचा प्रश्न होता. पुढच्याच वर्षी अमेरिकेत तत्त्वज्ञ विल्यम अर्नेस्ट हॉकिंग यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाचा मिशनकार्यविषयक अहवाल प्रसिद्ध झाला. ज्या सात पंथांच्या कार्याची ही पाहणी होती, त्यांत नगरच्या मिशनचा पालक असलेला पंथही होता. त्या अहवालाने असे म्हटले की वैद्यकीय वा अन्य व्यावसायिक सेवा धर्मांतराचे प्रत्यक्ष साधन म्हणून वापरणे, तसेच रोग्यांना जेथून निघून जाता येत नाही अशा कक्षांत व दवाखान्यांत जाहीर उपासना करणे, ही सूक्ष्म सक्ती असून अनुचित आहे.

१९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. विदर्भाचे मराठी जिल्हे तेव्हा त्याच राज्यात होते. समितीच्या १९५६ च्या अहवालातील एक शिफारस अशी, की वैद्यकीय वा अन्य व्यावसायिक सेवांचा धर्मांतराचे प्रत्यक्ष साधन म्हणून होणारा उपयोग कायद्याने बंद करावा. हॉकिंग मंडळाच्या वाक्याशी ही शब्दयोजना इतकी मिळतीजुळती आहे की तो केवळ योगायोग मानणे अवघड आहे. म्हणूनच जे बदलले ते अधिक लक्षणीय ठरते. ‘अनुचित’ची जागा ‘कायद्याने बंद’ने घेतली, म्हणजे मूल्यविधानाचे आज्ञार्थी विधान झाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाक्याचा उत्तरार्ध गळला. निघून जाता न येणारा रोगी, कक्ष, दवाखाना, यांपैकी काहीच शिफारशीच्या वाक्यात उरले नाही. वाङ्मयाचा विचार स्वतंत्र शिफारशीत झाला, आणि तेथे उपाय सुचवला तो असा की धर्मप्रचारार्थ असलेल्या वाङ्मयाचा प्रसार सरकारच्या मान्यतेवाचून होऊ नये. हॉकिंग मंडळाचा आक्षेप स्थळावर होता. नियोगी समितीचा आक्षेप मजकुरावर आला. मजकुरावरचा आक्षेप अंमलात आणण्यास सोपा, कारण पुस्तक जप्त करता येते. पण त्याने नको त्याला हात लागतो आणि हवे ते निसटते. दुकानातील स्वेच्छ वाचकाला तो अडवतो, आणि मान्यता मिळालेली पुस्तिका दवाखान्यात वाचून दाखवली तर त्याला काही म्हणायचे राहत नाही.

पुढे मध्य प्रदेशाचा १९६८ चा धर्मस्वातंत्र्य अधिनियम आला; सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरवला. त्यात बल, प्रलोभन आणि कपट यांच्या व्याख्या होत्या. प्रलोभनाची व्याख्या देणगी आणि ऐहिक लाभ यांभोवती फिरत होती. ज्याला उपचार सर्वांप्रमाणे मिळणारच आहे, पण तो मिळेपर्यंत ऐकत बसावे लागते, त्याची अवस्था या तीन शब्दांपैकी कोणत्याही एकात नीट बसत नव्हती.

अहमदनगरचे मिशन-रुग्णालय पुढे साल्व्हेशन आर्मीकडे गेले आणि ‘बूथ हॉस्पिटल’ या नावाने जिल्ह्यात परिचित झाले. २०२० च्या कोविड साथीत त्याने मोठे काम केले. प्रतीक्षागृहातील वाचनाचा प्रश्न आता कोणा एका धर्माचा वा संस्थेचा राहिलेला नाही. खाजगी दवाखान्यांत आणि वकिलांच्या कार्यालयांत संप्रदायांची मासिके, ज्योतिषाची पत्रके, पक्षांची मुखपत्रे आणि औषध कंपन्यांच्या चकचकीत पुस्तिका एकाच टेबलावर आढळतात. तेथे वाचून दाखवणारा नाही, देणारा नाही. तिसरा प्रकार तेवढा उरला आहे. त्याचे वर्णन लोक ज्या क्रियापदाने करतात तेही पाहण्यासारखे आहे. असे मासिक कोठे वाचले असे विचारता ‘दवाखान्यात पडलेले होते’ असे उत्तर येते. ‘ठेवलेले होते’ म्हटले तर ठेवणारा गृहीत धरावा लागतो. ‘पडलेले’ या अकर्मक रूपाला कर्ता लागत नाही. मासिकाची वर्गणी मात्र कोणीतरी भरलेली असते, आणि कोणते मासिक वर राहील, कोणते खाली, हेही रोज सकाळी टेबल आवरणारा कोणीतरी ठरवीत असतो.