‘येवं नाकात’ म्हणणारी माया

पावसाळ्यात आमच्या बेळगावच्या घरी रात्री नऊनंतर फोन वाजला की तो बहुतेक पाळीहून असतो. पाळी हे गोव्याच्या डिचोली तालुक्यातलं गाव, माझी सासुरवाडी. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी असा रस्ता. हवा चांगली असली तर अडीच-तीन तासांत माणूस सासूबाईंच्या हातचा चहा पीत बसलेला असतो. एवढं जवळ असल्यामुळेच ‘पावसामुळे येता आलं नाही’ हे कारण आमच्याकडे कोणी कारण म्हणून धरत नाही. ‘यायचंच नव्हतं, म्हणून पावसाचं निमित्त’ असं म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं.

सीमाभागातल्या किती घरांचं हेच आहे! मुलगी घाटाखाली दिलेली, सून घाटाखालून आणलेली. आणि आपले मोठे सण, श्राद्धपक्ष, चवथ सगळं ऐन पावसात. म्हणून आज एका फोनची गोष्ट सांगणार आहे.

जुलै २०२१. सासऱ्यांचं वर्षश्राद्ध शुक्रवारी, २३ तारखेला ठरलं होतं. कोविडच्या दिवसांत ते गेले तेव्हा आम्हाला वेळेवर पोहोचता आलं नव्हतं. ती सल माझ्या पत्नीच्या मनात वर्षभर होती. त्यामुळे या वेळी काही झालं तरी जायचंच असं ठरलेलं. सीमेवर दाखवायचे दाखले फाइलमध्ये लावून ठेवले, गाडीत पेट्रोल भरलं, पहाटे पाचला निघायचं ठरलं.

गुरुवारी दिवसभर टीव्हीवर चिपळूणचा पूर दिसत होता. वाशिष्ठीच्या पाण्यामुळे कोकण रेल्वेची वाहतूक थांबली होती. ‘ते तिकडे रत्नागिरीकडे, आपला रस्ता वेगळा’ असं मी घरात सांगत होतो. रात्री फोन आला. सासूबाई पलीकडून एवढंच म्हणाल्या, ‘‘येवं नाकात.’’ येऊ नका.

मी म्हणालो, ‘‘आई, घाट मला काही नवा नाही.’’

त्या म्हणाल्या, ‘‘घाट नवा नाही हो, पण पाऊस दर वर्षी नवाच असतो. ज्यांचं श्राद्ध आहे ते गेले. जे आहेत त्यांना घाटात कशाला घालायचं?’’

खरं सांगतो, मला राग आला. पत्नी काही बोलली नाही, भरलेली पिशवी तिने तशीच कोपऱ्यात ठेवली. आपल्याच आईने आपल्याला येऊ नको म्हणावं, हे तिला लागलं होतं. पहाटे गजर झाला तेव्हाही निघावं की काय, असं माझ्या मनात आलंच.

सकाळी एकेक बातमी येऊ लागली. सत्तरी आणि डिचोली तालुक्यांत नद्यांचं पाणी घरांत शिरलं होतं. मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत हे पाळीच्या शेजारच्या कोठंबी गावचे. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असं त्यांनीच सांगितलं. कोकण रेल्वे बंद म्हणून मंगळूरहून मुंबईला जाणारी गाडी मडगाव-लोंढा-मिरज मार्गाने वळवली होती. त्या गाडीवर दूधसागर आणि सोनावळी स्थानकांच्या दरम्यान दरड आली आणि डबा रुळांवरून घसरला. सुदैवाने प्रवासी वाचले. इकडे निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी आल्याने पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. आदल्याच दिवशी महाडजवळ तळीये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली होती.

मेहुण्याचा फोन दुपारी लागला. भटजीच येऊ शकले नव्हते. श्राद्ध पुढे ढकललं होतं. आम्ही निघालो असतो तर काय झालं असतं, हे मी सांगू शकत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पण आमच्या येण्याची वाट पाहत त्या माउलीने ती रात्र कशी काढली असती, ते मात्र सांगू शकतो.

रंग समजून घ्या

त्यानंतर मी हवामान खात्याचे इशारे नीट वाचायला शिकलो. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल हे रंग आता सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण अर्थ बऱ्याचदा चुकीचा घेतला जातो. रंग नुसता पाऊस किती ते सांगत नाही, आपण काय करायचं ते सांगतो. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे आता हालचाल करा, सुरक्षित जागी थांबा. पाऊस किती, त्याची शक्यता किती आणि नुकसान किती होऊ शकेल, हे सगळं धरून रंग ठरतो.

पावसाचे आकडेही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून पुढे ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरतात. मिलिमीटर म्हटलं की आपल्याला काहीच वाटत नाही. पण एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद कौलारू छपरावर एका दिवसात २०४ मिलिमीटर पाऊस पडला तर वीस हजार लिटरहून जास्त पाणी झालं. दहा हजार लिटरचे दोन टँकर एका घराच्या छपरावर ओतल्यासारखं. आता तेवढंच पाणी अख्ख्या डोंगरावर पडतं अशी कल्पना करा.

समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावरच रिकामे होतात. आठवडाभर मुरलेल्या पाण्याने माती जड आणि सैल झालेली असते. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा आधीच कापलेला असतो. मग शेवटच्या एका सरीने दरड सुटते. म्हणून ‘आता उघडलंय, निघू या’ हा हिशेब घाटात चालत नाही. पाऊस थांबल्यावरही दरड येते.

दोन राज्यं, दोन भाषा, एक घाट

आपल्यासारख्यांची खरी अडचण वेगळीच आहे. आपण निघतो कर्नाटकातून आणि पोहोचतो गोव्यात. इशारे मात्र दोन ठिकाणांहून येतात. बेळगाव जिल्ह्याचा अंदाज बंगळूरच्या केंद्राचा, गोव्याचा पणजीच्या केंद्राचा. आणि बेळगाव जिल्हा किती मोठा! कणकुंबीला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तर अथणीकडे वर्षाचा मिळून सहाशेच्या आसपास. अख्ख्या जिल्ह्याला एकच रंग दिला की तो पाहून घाटाचा अंदाज येईलच असं नाही. बेळगावात टिळकवाडीला ऊन पडलेलं असताना चोर्ल्यात समोरची गाडी दिसत नाही, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतलेला आहे. म्हणून घाट उतरायचा असेल तर बेळगावबरोबर उत्तर गोव्याचाही इशारा पाहावा, आणि दोन्हींत जो कडक असेल तो खरा मानावा.

यात आपल्या दोन भाषा कामी येतात. कन्नड वाहिनीवर ‘चंडमारुत’ म्हणतात ते आपलं चक्रीवादळ, ‘भूकुसित’ म्हणजे दरड कोसळणं किंवा जमीन खचणं. आमच्या घरी आजी मराठी पेपर वाचते, नात कन्नड बातम्या वाचते. दोघींनी एकमेकींना वाचून दाखवलं की घाटाच्या दोन्ही बाजू कळतात. आणखी एक गोष्ट. हवामान खात्याचा ‘दिवस’ सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. शुक्रवारचा इशारा असेल तर शनिवारची पहाटही त्यातच येते.

बर्फातही हेच

हा प्रश्न फक्त आपल्याच घाटाचा नाही. माझा एक भाचा अमेरिकेत नायगारा धबधब्याजवळच्या बफेलो शहरात असतो. तिथे दरड नाही, पण बर्फ आहे. २०२२ च्या नाताळात तिथे मोठं हिमवादळ आलं. इशारे काही दिवस आधीपासून होते. तरी २३ डिसेंबरच्या सकाळी कित्येक लोक कामाला, खरेदीला, नातेवाइकांकडे सणाला निघाले. गाड्या चालवण्यावर बंदी त्याच सकाळी आली, पण तोवर बरेच जण रस्त्यावर होते. वाऱ्यात उडणाऱ्या बर्फाने समोरचं काही दिसेना, मदतीला निघालेल्या रुग्णवाहिका आणि अग्निशामक गाड्याही अडकल्या. त्या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. काही गाडीत, काही रस्त्यावर, काही तर घरातच, मदत न पोहोचल्यामुळे.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, आम्हाला शुक्रवारी मित्राकडे जेवायला बोलावलं होतं. त्याच्या बायकोनेच आदल्या दिवशी फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. आम्हाला आधी वाईट वाटलं.’’ मी हसलो. सात समुद्रांपलीकडेही वाईट वाटतंच, आणि तिथेही घरातली बाईच आधी शहाणी होते.

जुन्यांची रीत

सासूबाईंना हे शहाणपण कुठून आलं, असा विचार मी पुष्कळदा करतो. त्यांच्या लहानपणी मिरग लागायच्या आत घरात पुरुमेत भरून ठेवायचं, म्हणजे पावसाची बेगमी. तांदूळ, मिरच्या, सोलं, पापड, सुकी मासळी, लाकडं. घाटावरच्या पाहुण्यांनी यायचं ते मिरगाआधी, नाहीतर थेट दिवाळीला. मधल्या काळात कोणी आलं नाही म्हणून कोणी रुसत नसे. बैलांवर माल लादून घाट चढणारे-उतरणारे तांडेही पावसात थांबत. तेव्हा रस्ते नव्हते, म्हणून पावसाला मान होता. आता रस्ता झाला, गाडी आली, आणि न जाण्याला कारण उरलं नाही, असं आपणच ठरवून टाकलं. सोय झाली ती चांगलीच झाली. पण तिच्याबरोबर ‘या दिवसांत येऊ नये’ म्हणण्याची मुभाही गेली.

ती मुभा आपण एकमेकांना पुन्हा द्यायला हवी. मी प्रवासाला भिणारा माणूस नाही, आणि नाती फोनवर निभावता येतात असंही मला वाटत नाही. पण ज्याच्याकडे जायचं आहे त्यानेच आधी ‘येऊ नका’ म्हटलं, तर निघणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. बोलावणाऱ्याने नको म्हणावं, यातच मोठेपणा आहे. येणारा स्वतःहून कधीच नको म्हणणार नाही. त्याला लाज वाटते.

आमच्या दोन्ही घरांनी आता काही गोष्टी ठरवल्या आहेत. चवथीला जायचं तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचायचं, रात्री घाट उतरायचा नाही. निघण्याआधी पाळीला फोन करायचा आणि तिथून ‘या’ आलं तरच गाडी काढायची. इशारा लाल असेल तर विचारायचंही नाही, घरीच थांबायचं. घाटात धबधबा कितीही सुंदर दिसला तरी थांबून फोटो काढायचे नाहीत, दरडीखाली गाडी उभी करायची नाही. राहिलेलं कार्य पुढच्या चांगल्या दिवशी करायचं. आणि जो आला नाही त्याच्याबद्दल माघारी एक शब्दही काढायचा नाही. हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यांत कठीण, हे मी अनुभवाने सांगतो.

सासऱ्यांचं ते राहिलेलं श्राद्ध नंतर झालं. आम्ही दोघं गेलो. घाट हिरवागार होता, पाऊस भुरभुरत होता. सासूबाई दारातच उभ्या होत्या. पत्नीने खाली वाकून नमस्कार केला आणि विचारलं, ‘‘आई, त्या रात्री येऊ नको म्हणताना तुला काहीच वाटलं नाही?’’

त्या म्हणाल्या, ‘‘वाटलं ना. फोन ठेवल्यावर रडले.’’

‘पाळी’ म्हणजे मराठीत बारी, आणि कन्नडमध्येही बारीच. येऊ नका म्हणायची पाळी त्या रात्री सासूबाईंची होती, एखाद्या पावसात ती आपल्यापैकी कोणावरही येईल. त्या वेळी संकोच करू नका. फोन उचला, सांगा, आणि मग हवं तर खुशाल रडा.