नक्कल कशाची आणि कुठवर?

पाचोरा तालुक्यातील शेतकरी पीककर्जासाठी सातबाऱ्याचा उतारा काढतो, तेव्हा त्या कागदावर गट क्रमांक, क्षेत्र आणि खातेदारांची नावे उतरतात. परंतु ती नावे कोणत्या खरेदीखताने, वाटणीने किंवा वारसाहक्काने लागली याचा तपशील गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफारांच्या नोंदवहीतच राहतो आणि उताऱ्यावर केवळ फेरफाराचा क्रमांक येतो. संगणकाच्या मेमरीतील ऑब्जेक्टचीही रचना अशीच असते: काही गोष्टी तो स्वतःजवळ बाळगतो, तर काहींचा नुसता पत्ता, म्हणजे रेफरन्स, जवळ ठेवतो. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे ऑब्जेक्टच्या प्रतीविषयी जे समज विद्यार्थ्यांत रूढ होतात, त्यांचा विचार महसूल दफ्तराचा एक प्रोग्राम कल्पून येथे केला आहे. त्यात ‘सातबारा’ नावाचा क्लास असून, त्याच्या प्रत्येक ऑब्जेक्टजवळ क्षेत्राचा आकडा, फेरफारांची यादी आणि आपल्या गावाचा रेफरन्स आहे, असे समजावे.

गैरसमज १ : ‘ब = अ’ असे लिहिले की ‘अ’ची प्रत तयार होते.

वस्तुस्थिती : जावा आणि पायथन या भाषांत एवढ्याने नवा ऑब्जेक्ट जन्मास येत नाही, असलेल्याच ऑब्जेक्टकडे जाणारे दुसरे नाव तेवढे निर्माण होते. म्हणून ‘ब’मार्फत क्षेत्राचा आकडा बदलला, तर ‘अ’कडे पाहणाऱ्यालाही बदललेलाच आकडा दिसतो. सी प्लस प्लसमध्ये मात्र, ‘अ’ आणि ‘ब’ हे पॉइंटर किंवा रेफरन्स नसून प्रत्यक्ष ऑब्जेक्ट असतील, तर त्याच चिन्हाने सर्वसाधारणपणे खरोखर प्रत होते. शंका आल्यास पायथनमध्ये ‘इज’ने आणि जावामध्ये दुहेरी बरोबरीच्या चिन्हाने दोन्ही नावे एकाच ऑब्जेक्टची आहेत किंवा कसे, याचा निर्णय करता येतो.

गैरसमज २ : प्रत काढली की मूळ आणि प्रत यांचा संबंध सुटतो.

वस्तुस्थिती : जावातील ‘क्लोन’ ही मूळ पद्धत आणि पायथनमधील साधी ‘कॉपी’ या दोन्ही सर्वसाधारणतः शॅलो कॉपी करतात, म्हणजे वरचा ऑब्जेक्ट नवा होतो आणि आतील रेफरन्स जसेच्या तसे उतरतात. परिणामी प्रतीमधील क्षेत्राचा आकडा बदलल्यास मूळ सातबारा अबाधित राहतो, परंतु प्रतीच्या यादीत नवा फेरफार घातल्यास तो मूळ सातबाऱ्यातही प्रकट होतो, कारण यादी एकच आहे. हे अर्धे स्वातंत्र्य अधिक घातक होय. पहिली चाचणी यशस्वी होते आणि दोष पुढे भलत्याच ठिकाणी उघडकीस येतो. सी प्लस प्लसमध्ये क्लासने पॉइंटर बाळगून त्याची मेमरी मोकळी करण्याचे काम स्वतःकडे घेतले असून प्रतीचा विचार केला नसेल, तर मूळ आणि प्रत दोघेही नाश पावताना तीच मेमरी दोनदा मोकळी करू पाहतात आणि प्रोग्राम कोसळण्याचा प्रसंग येतो.

गैरसमज ३ : तर मग सर्वत्र डीप कॉपी करावी.

वस्तुस्थिती : डीप कॉपी प्रत्येक रेफरन्सच्या मागे शेवटपर्यंत जाते. सातबारा गावाकडे निर्देश करतो आणि गाव आपल्या सर्व सातबाऱ्यांकडे. म्हणजे एका सातबाऱ्याची प्रत मागितली असता सबंध गावाचे दफ्तर उतरवले जाते. अशा फेऱ्यात अनंत काळ फिरत राहू नये म्हणून पायथनची ‘डीपकॉपी’ आधी उतरवलेल्या ऑब्जेक्टांची स्वतंत्र नोंद ठेवते; परंतु नको त्या गोष्टी उतरण्याचे तिने टळत नाही. उघडी फाइल किंवा नेटवर्कची जोडणी यांची तर अशी प्रतच निघत नाही. उलट, जावातील स्ट्रिंगसारखे ऑब्जेक्ट एकदा निर्माण झाल्यावर बदलतच नाहीत. ते अनेकांनी सामाईक वापरले तरी बाध येत नाही.

गैरसमज ४ : भाषेने सोय दिली आहे, तेव्हा आपण विचार करण्याचे कारण नाही.

वस्तुस्थिती : जावातील ‘क्लोनेबल’ या इंटरफेसमध्ये ‘क्लोन’ ही पद्धत मुळी नाहीच, तो केवळ परवानगीची खूण आहे. जोशुआ ब्लॉक यांनी २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या ग्रंथात या व्यवस्थेतील दोष दाखवून, कॉपी कन्स्ट्रक्टर, म्हणजे मूळ ऑब्जेक्ट घेऊन नवा घडवणारा कन्स्ट्रक्टर, स्वतः लिहावा असे सुचवले आहे. त्याचा लाभ असा की, काय उतरवायचे आणि काय सामाईक ठेवायचे याचा निर्णय त्यात स्पष्ट शब्दांत लिहावा लागतो.

हाच निर्णय या विषयाचे मर्म आहे. क्लासमधील कोणती वस्तू ऑब्जेक्टच्या मालकीची आणि कोणाकडे त्याचा नुसता निर्देश, हे भाषेला ठाऊक नसते. ते दफ्तराचा व्यवहार जाणणाऱ्यालाच ठाऊक असते. फेरफारांची यादी सातबाऱ्याची स्वतःची, म्हणून ती नवी करावी. गाव सर्वांचे, म्हणून ते सामाईक ठेवावे. प्रत्येक क्लास लिहिताना त्याच्या एकेका घटकापुढे मालकी की निर्देश हे ठरवण्याची शिस्त विद्यार्थ्याने आरंभापासूनच अंगी बाणवावी. मग शॅलो की डीप, या प्रश्नाचे उत्तर त्याला त्या क्लासच्या रचनेतच मिळेल.