जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरला किती ओहमचा स्पीकर जोडायचा?

वलगावसारख्या गावात जुन्या घराचा माळा आवरायला घेतला की कधीकधी व्हॉल्व्हचं मशीन निघतं. मशीन म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. लाउडस्पीकरवाले त्याला मशीनच म्हणायचे. जड पत्र्याचा डबा, मागे स्क्रूंची एक पट्टी आणि स्क्रूंखाली ४, ८, १६, १०० असे आकडे. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीकाठी देह ठेवला. त्या काळात कीर्तन मैदानभर ऐकवायचं तर व्हॉल्व्हच्या मशीनशिवाय दुसरं साधन नव्हतं. ट्रान्झिस्टरची मशीनं गावात पोचली ती बरीच नंतर.

असं मशीन पुन्हा वाजवायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो: कोणत्या स्क्रूला कोणता स्पीकर? आठचा स्पीकर आठला, इतकं सोपं उत्तर आहे खरं. पण पट्टीवरचे आकडे पुसलेले असतात, कर्ण्यातलं युनिट मधे कोणीतरी बदललेलं असतं, आणि घरात असतो तो गाडीतला ४ ओहमचा स्पीकर. इथे चुकलं तर जळू शकतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हचं तसं नाही. ईएल ८४ किंवा ईएल ३४ आजही रशियात आणि स्लोव्हाकियात बनतात, मागवता येतात. ट्रान्सफॉर्मर मात्र त्या मशीनच्या मापाने गुंडाळलेला असतो.

मुळात हा ट्रान्सफॉर्मर लागतो कशाला? व्हॉल्व्ह जास्त व्होल्टेज आणि अगदी थोडा करंट देतो. ईएल ८४ चंच घ्या: २५० व्होल्टवर जेमतेम ४८ मिलिअ‍ॅम्पिअर. स्पीकरला नेमकं उलटं हवं, व्होल्टेज थोडं आणि करंट भरपूर. पहारीने धोंडा उचलताना आपण लांब टोक हातभर दाबतो, तेव्हा आखूड टोक बोटभर हलतं, पण जोर कितीतरी वाढतो. ट्रान्सफॉर्मर म्हणजे ती पहार. आणि पहारीची लांबी म्हणजे वेढ्यांचं गुणोत्तर.

एकटा ईएल ८४ नीट चालायला त्याच्यासमोर साधारण ५,२०० ओहमचा लोड दिसावा लागतो. प्रायमरीचे वेढे सेकंडरीच्या ३६ पट असले तर व्होल्टेज ३६ ने भागलं जातं आणि करंटला ३६ ने गुणलं जातं. ओहम म्हणजे व्होल्टेज भागिले करंट, त्यामुळे इम्पीडन्सला ३६ चा वर्ग लागू होतो, म्हणजे सुमारे १,३००. ४ ओहमचा स्पीकर लावला की व्हॉल्व्हला ५,२०० दिसतात. याच ट्रान्सफॉर्मरला ८ ओहमचा लावला तर १०,४०० दिसतात.

थोडक्यात, ५,२०० हा आकडा ट्रान्सफॉर्मरचा स्वतःचा नसतो. त्याच्याकडे फक्त गुणोत्तर असतं. व्हॉल्व्हला काय दिसणार ते मागे लावलेला स्पीकर ठरवतो.

मग थोडं चुकलं तर काय होतं? ८ च्या स्क्रूला ४ ओहम लावले तर व्हॉल्व्हला निम्मा लोड दिसतो. ताकद घटते, आवाज फाटतो, आणि पुशपुल मशीन जोरात वाजवलं तर व्हॉल्व्ह लवकर थकतात. उलट, ८ ला १६ लावले तर प्रायमरीवरचं व्होल्टेज जास्त उसळतं आणि ताण इन्सुलेशनवर येतो. पन्नास-साठ वर्षांच्या कागदी इन्सुलेशनला हा ताण देऊ नये असं माझं मत. कमी आवाजात एक पायरी इकडेतिकडे सहसा चालून जातं.

स्पीकर न लावता मशीन वाजवणं मात्र अजिबात चालत नाही. ट्रान्झिस्टरच्या मशीनची सवय असलेली मंडळी इथेच फसतात. त्याला स्पीकर नसला तरी काही बिघडत नाही, शॉर्ट झालं की संकट. व्हॉल्व्हच्या मशीनला शॉर्ट चांगला नाहीच, पण तुटलेली वायर त्याहून घातक. सिग्नल चालू आणि स्पीकर गायब, अशा वेळी प्रायमरीवर हजार व्होल्टच्याही वर उसळी येऊ शकते. मग ठिणगी वेढ्यांमध्ये पडते, नाहीतर व्हॉल्व्हच्या सॉकेटवर. कर्णा बदलायचाय ना? आधी मशीन बंद करा. आणि आउटपुटच्या स्क्रूंवर १५० ते २२० ओहमचा, १० वॉटचा वायरवाऊंड रेझिस्टर कायमचा जोडून ठेवा. त्याने आवाजात फरक पडत नाही, आणि वायर निसटलीच तर उसळीला थोडी वाट मिळते.

आकडे पुसले असतील तर मोजता येतं. स्पीकर साध्या मल्टिमीटरवर तपासा: ८ ओहमचा ६ ते ७ दाखवतो, ४ चा सव्वातीन-साडेतीन, १६ चा बाराच्या आसपास. ट्रान्सफॉर्मर तपासताना मशीनची पिन काढा, फिल्टर कंडेन्सर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करा (बंद मशीनमध्येही तीनशे व्होल्ट दडून बसलेले असतात), आणि प्रायमरीच्या वायरी व्हॉल्व्हपासून सोडवा. छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून १२ व्होल्ट एसी प्रायमरीला द्या आणि सेकंडरीवर मोजा. ०.३३ व्होल्ट आले तर गुणोत्तर ३६. हे १२ व्होल्ट सेकंडरीला देऊ नका. तसं केलं तर दुसऱ्या बाजूला चारशेच्या वर व्होल्ट तयार होतात.

आता १०० चा स्क्रू. हा १०० ओहमचा नव्हे, १०० व्होल्ट लाइनचा. २०० मीटर लांबच्या कर्ण्याला १ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर नेली, तर जाऊन-येऊन तिचा रोध जवळपास ७ ओहम होतो. ८ ओहमच्या युनिटची निम्मी ताकद वायरीतच गेली म्हणायची. शिवाय मशीनला आठऐवजी पंधरा दिसतात. म्हणून लांब कर्ण्यांना वेगळा लाइन ट्रान्सफॉर्मर लावायचे. १० वॉटच्या टॅपवर तो लाइनला १,००० ओहम दिसतो, मग वायरीचे ७ कुठल्या कुठे. ३० वॉटच्या मशीनला असे तीन कर्णे बरोब्बर. ओहमचं गणित नको, वॉटची बेरीज मशीनच्या वॉटपुढे जाऊ द्यायची नाही, बस. या स्क्रूला ८ ओहमचा स्पीकर थेट लावणं म्हणजे जवळजवळ शॉर्टच.

सगळं जुळवूनही घरच्या छोट्या स्पीकरवर आवाज मरतुकडा वाटेल. ते मॅचिंग चुकल्यामुळे नाही. कर्णा त्याच एका वॉटमध्ये लहान बॉक्सपेक्षा कितीतरी मोठा बोलतो.

ट्रान्सफॉर्मर आधीच जळालेला असेल तर रिवाइंडिंगवाल्याला मोटारीसारखा सरसकट उलगडू देऊ नका. प्रत्येक थराचे वेढे, तारेचा गेज, आणि प्रायमरी-सेकंडरीचे थर कोणत्या क्रमाने आहेत हे लिहून घ्यायला लावा. एकट्या व्हॉल्व्हच्या मशीनमध्ये पत्र्यांच्या गाभ्यात कागदाची फट मुद्दाम ठेवलेली असते. जुळवताना तो कागद परत घालायला सांगा.