विश्लेषण : उजनीकाठी कोणती भाजी पुन्हा लावायची नाही, हे ठरवायचे कसे?

भाव पडला की भाजी सोडायची आणि भाव चढला की पुन्हा धरायची, हा उजनी जलाशयाच्या काठावरचा नेहमीचा क्रम. करमाळा, माढा आणि पाण्यापलीकडच्या इंदापूर तालुक्यातील अनेक शेतकरी दोन-तीन हंगाम हात पोळले की भाजीचा नादच सोडतात आणि ऊस किंवा केळीकडे वळतात. भाजी सोडण्याचा निर्णय चुकीचा असतोच असे नाही. पण तो बहुतेक वेळा गेल्या हंगामातील शेवटच्या दरावर घेतला जातो, आणि तिथेच गल्लत होते.

ऊस-केळीच्या पट्ट्यात भाजी हवीच कशाला?

आडसाली ऊस कारखान्यात जायला दीड वर्षाच्या आसपास लागते. केळीलाही वर्षभर थांबावे लागते. मधल्या काळात किराणा, मुलांची फी, मजुरी आणि औषधांचा खर्च थांबत नाही. अर्धा-एक एकर भाजी असली की आठवड्याला हातात पैसा खेळतो. म्हणून लहान शेतकऱ्याच्या घरात भाजी हा चालू खर्चाचा आधार असतो. तो आधारच तोट्यात गेला तर उचल घ्यावी लागते, आणि मग ऊस-केळीचे पैसे येण्याआधीच त्यांना वाटा फुटलेल्या असतात.

बाजारभाव आणि हाती येणारा पैसा यांत फरक किती?

फेब्रुवारी २०२३ मध्ये याच सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्याच्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकला. दर मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई आणि वाहतूक मिळून सुमारे ५१० रुपये कापले गेले आणि हातात दोन रुपयांचा धनादेश पडला. राज्य सरकारने नंतर कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केले, तेही २०० क्विंटलच्या मर्यादेत. त्या दोन रुपयांची बातमी देशभर गेली. पण तिच्यातला हिशेब रोजचाच आहे, फक्त एरवी तो इतका उघडा दिसत नाही.

एक उदाहरण धरू. टोमॅटोचे २० किलोचे क्रेट आहे आणि दर ८ रुपये किलो. म्हणजे १६० रुपये. तोडणी, भाडे आणि हमाली मिळून क्रेटमागे ६० रुपये गेले तर उरले १००. आता दर निम्म्यावर, ४ रुपयांवर आला. क्रेटचे ८० रुपये झाले, पण तोडणी आणि भाडे तेवढेच राहिले. उरले २०. दर निम्मा झाला आणि हाती येणारा पैसा पाचपटीने घटला. बांबू, तार, सुतळी, रोपे आणि फवारणीचा खर्च अजून यातून वजा व्हायचाच आहे.

मोबाइलवर बाजार समितीचे दर पाहताना हे लक्षात ठेवायला हवे. तिथला ‘सर्वसाधारण दर’ हा खर्च कापण्याआधीचा आणि क्विंटलचा असतो. खरा हिशेब आडत्याकडून मिळणाऱ्या पट्टीवर असतो. फळे-भाजीपाल्यावरची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची, असा नियम राज्यात २०१६ मध्ये झाला. त्यामुळे पट्टीवरची प्रत्येक वजावट कशाची आहे, हे वाचून घेणे महत्त्वाचे.

जड भाजी आणि हलकी भाजी

कोबीचे नुकसान भाड्यात होते. गड्डे काढायला माणसे थोडी लागतात, एक-दोन तोड्यांत रान मोकळे होते. पण माल जड आणि दर बहुधा कमी. पुणे-सोलापूर महामार्गावरच्या भिगवण, इंदापूर, टेंभुर्णीकडील गावांना हे भाडे अजून झेपते. उत्तरेकडच्या कुगाव, केत्तूर, जिंती या बाजूच्या गावांना इंदापूरचा काठ समोर दिसत असला तरी गाडीला जलाशयाला वळसा घालूनच जावे लागते. एकच भाजी दक्षिण काठावर परवडते आणि उत्तर काठावर नाही, असे होऊ शकते ते यामुळे.

गवार आणि भेंडीचे उलटे. दर बरा असतो, वजन हलके असते, पण नुकसान तोडणीत होते. भेंडी एक दिवसाआड तोडली नाही तर जून होते आणि जून भेंडीला गिऱ्हाईक नसते. गवारीची शेंग न् शेंग हाताने तोडावी लागते. घरात चार हात असतील तर ही पिके पैसे देतात. सगळी तोडणी मजुरांवर असेल आणि केळीच्या किंवा उसाच्या कामाने मजुरी चढलेली असेल, तर चांगल्या दरातही शेतकऱ्याकडे फारसे उरत नाही. शेजाऱ्याला गवार परवडली म्हणून आपल्यालाही परवडेल, हा समज म्हणूनच फसवा आहे.

धरण समोर असताना पाण्याची अडचण कसली?

उजनीत साधारण ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातील ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. टक्केवारी मोजतात ती उपयुक्त साठ्यावर. म्हणून धरण ‘उणे’त गेले तरी पाणी संपलेले नसते, मृतसाठ्यातून उपसा सुरू झालेला असतो. २०२३ च्या पावसाळ्यात धरण भरले नाही. जानेवारी २०२४ मध्येच साठा उणे झाला आणि उन्हाळ्याअखेर उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे मृतसाठ्यातील सुमारे ३२ टीएमसी पाणी वापरले गेले.

काठावरच्या शेतकऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच, की पाणी दूर जाते. मोटार पुढे न्यायची, पाइप आणि केबल जोडायची, चारी खोदायची. हा खर्च भाजीच्या हिशेबात क्वचितच धरला जातो. त्यात उथळ पाण्यातील शेवाळ ठिबकच्या फिल्टरमध्ये अडकते. उन्हाळी भाजीला दर मिळतो तो पाणी कमी असते म्हणूनच. त्या दराच्या ओढीने फेब्रुवारीत टोमॅटो लावायचा की नाही, हे ठरवताना १५ ऑक्टोबरचा धरणसाठा पाहावा. पाटबंधारे विभागही सिंचनाचे नियोजन त्याच साठ्यावर करतो.

दोष भाजीचा की महिन्याचा?

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किरकोळ बाजारात शंभरीपार गेला. जून-जुलैत लावलेला माल सप्टेंबरमध्ये एकदम आला आणि नाशिक भागात शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला. सप्टेंबरच्या पट्ट्या हातात घेऊन टोमॅटो कायमचा सोडणारा आणि जुलैचे दर पाहून लावणारा, दोघेही एकाच महिन्याकडे बघून निर्णय घेत होते.

रानाचा दोषही असाच वेगळा काढावा लागतो. टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा एकाच कुळातले आहेत. मर किंवा सूत्रकृमी असलेल्या रानात टोमॅटोनंतर वांगी लावणे म्हणजे रोगाला पाहुणचार. अशा ठिकाणी दोन-तीन वर्षे दुसऱ्या कुळाचे पीक घ्यावे. उन्हाळी भेंडीला पांढऱ्या माशीमुळे केवडा येत असेल तर आधी वाण आणि लागवडीची वेळ बदलून पाहावी.

मग पुन्हा लावायची नाही ती कोणती?

तीन हंगामांच्या पट्ट्या एकत्र ठेवल्या आणि त्यांतल्या दोन हंगामांत तोडणी व भाडे वजा जाता लागवडीचा खर्चही निघाला नाही, तर ती भाजी त्या शेतकऱ्यासाठी संपली, शेजाऱ्याकडे ती कितीही चालो. यात पहिला नंबर बहुधा लांबच्या बाजारात न्याव्या लागणाऱ्या कोबीचा लागतो. मेथी-कोथिंबिरीला मात्र थोडी सवलत द्यायला हरकत नाही. महिना-दीड महिन्यात रान मोकळे होते, खर्च कमी असतो, जुड्या आठवडी बाजारात खपतात आणि अगदीच भाव नसला तर रोटाव्हेटर फिरवून रानात गाडता येतात.

गाळपेर जमिनीचा हिशेब त्याहून निराळा. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ही जमीन सरकारी, एका हंगामासाठी मिळणारी. सुपीक आहे, पण मुदत निसर्ग ठरवतो. करमाळ्यात ढगही नसताना पुण्याकडच्या धरणांतून भीमेला पाणी सुटते आणि जलाशय वर चढू लागतो. जुलैपर्यंत तोडे लांबणारी वांगी किंवा दोडका तिथे लावण्यात अर्थ नाही. मेअखेर रान मोकळे करून देणारे पीकच तिथे चालते.