'प्रिफर' या इंग्रजी क्रियापदाचे अध्यापन

दोन वस्तूंपैकी एक अधिक आवडते, हे सांगण्यासाठी इंग्रजीत 'प्रिफर' हे क्रियापद योजतात. महाराष्ट्रात सन २००० पासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. तथापि वरच्या इयत्तांतही या क्रियापदाची वाक्ये पुष्कळदा चुकतात. अशा चुकांचे मूळ बहुधा मुलांच्या आळसात नसून दोन भाषांच्या भिन्न घडणीत असते.

अचलपूर तालुक्यातील मूल घरी म्हणते, 'मले चहापेक्षा दूध आवडते.' प्रमाण मराठीत 'मले'च्या ठिकाणी 'मला' येते. बाकी रचना तीच. या वाक्यात क्रियापद दुधाप्रमाणे चालते. चहा 'आवडतो', भाकरी 'आवडते', रोडगे 'आवडतात'. ज्याला आवडते तो चतुर्थीत बाजूस उभा असतो. इंग्रजीत मात्र आवड असणारी व्यक्तीच कर्ता होते: 'आय प्रिफर', 'शी प्रिफर्स'. वस्तू एक असो वा अनेक, क्रियापद व्यक्तीप्रमाणेच बदलते. हा पहिला भेद होय.

दुसरा भेद क्रमाचा असून तो अधिक महत्त्वाचा आहे. मराठीत कमी आवडणारी वस्तू 'पेक्षा' जोडून बहुधा आधी येते. अधिक आवडणारी मागून येते. इंग्रजीत क्रम उलट आहे: 'आय प्रिफर मिल्क टू टी'. मूल मराठी क्रमाने शब्द ठेवीत गेले, तर 'आय प्रिफर टी टू मिल्क' असे लिहिते. हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे शिक्षक त्यावर बरोबरची खूण करतात. परंतु मुलाच्या मनात होते त्याच्या नेमके विरुद्ध या वाक्यातून सांगितले गेले! म्हणून असे वाक्य तपासण्यापूर्वी 'तुला काय आवडते?' असे मुलास विचारणे अवश्य आहे.

तिसरी अडचण 'टू' या शब्दाची. 'पेक्षा' म्हणजे 'दॅन' असे मुलांनी पाठ केलेले असते. त्यामुळे ती 'आय प्रिफर मिल्क दॅन टी' असे लिहितात. 'प्रिफर' हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याचा मूळ अर्थ 'पुढे नेणे' असा आहे. एक वस्तू दुसरीच्या पुढे ठेवावयाची, ही कल्पना ध्यानी आली म्हणजे 'टू' लक्षात राहण्यास साहाय्य होते. लॅटिनमधूनच आलेल्या 'सीनियर' व 'ज्युनियर' या शब्दांपुढेही 'टू' येतो. सेवाज्येष्ठतेच्या यादीमुळे हे शब्द शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचे आहेत.

दोन क्रियांची तुलना करताना 'आय प्रिफर वॉकिंग टू सायकलिंग' असे म्हणावे. मात्र 'टू वॉक' हे रूप घेतल्यास पुढे 'रादर दॅन' येते: 'आय प्रिफर टू वॉक रादर दॅन सायकल'. येथे 'दॅन' शुद्ध आहे. 'प्रिफर' या शब्दातच 'अधिक' हा अर्थ असल्याने त्यास 'मोअर' जोडू नये. 'आय ॲम प्रिफरिंग' असेही सामान्यतः म्हणत नाहीत. नेहमीची आवड सांगताना 'आय प्रिफर' आणि प्रसंगापुरती इच्छा सौजन्याने सांगताना 'आय वुड प्रिफर' म्हणावे.

लेखनात भूतकाळी 'प्रिफर्ड' या रूपात फ नंतर 'आर' हे अक्षर दोनदा येते. 'प्रेफरन्स' या नामात फ नंतरचा 'आर' एकदाच येतो. क्रियापदात आघात दुसऱ्या अवयवावर, तर नामात पहिल्यावर असतो.

वर्गात पुढील क्रम ठेवावा. मेजावर संत्रे व केळे ठेवावे. मुलास त्याच्या घरच्या बोलीत आवड सांगू द्यावी. 'मले' ऐकताच त्यास अडवू नये, कारण ते अशुद्ध इंग्रजी नव्हे, अशुद्ध मराठीही नव्हे, ती वऱ्हाडी होय. मग त्याने आवडीचे फळ हाताने पुढे सरकवावे. पुढचे फळ आधी व मागचे नंतर उच्चारून त्याने इंग्रजी वाक्य म्हणावे. शेवटी ते फळ्यावर रोमन लिपीत लिहावे. यानंतर कबड्डी व खो-खो, बहिरमच्या यात्रेस पायी जाणे व एस. टी.ने जाणे, अशा जोड्या घ्याव्यात.

पुस्तकातील चहा-कॉफीचे वाक्य सर्व वर्गाकडून एका सुरात घोकून घेण्याने हे साधणार नाही. ज्या घरी कॉफी होत नाही, तेथील मुलाने तिच्याविषयी आवड सांगणे म्हणजे केवळ शब्दोच्चार. आवड प्रत्येकाची निराळी असते. म्हणून या पाठात चाळीस मुलांची उत्तरे एकसारखी आली, तर पाठ पुन्हा घ्यावा.