व्यावसायिक मॉडेलिंगचा पोर्टफोलिओ : स्वरूप, उभारणी आणि दक्षता

प्रस्तावना :
महाविद्यालयाच्या करिअर मार्गदर्शन कक्षाकडे मॉडेलिंगविषयी विचारणा करणारे विद्यार्थी आता नवे राहिलेले नाहीत. स्पर्धा परीक्षा वा बँकिंग यांविषयी बोलताना आपल्या ठायी जी सहजता असते, ती मात्र या प्रश्नापुढे उरत नाही. ‘आधी पदवी पूर्ण कर’ एवढे सांगून आपण विषय संपवितो आणि विद्यार्थी जाहिरातीतील दूरध्वनी क्रमांकाकडे वळतो. प्रस्तुत लेखिकेच्या वर्गातील, कला शाखेच्या द्वितीय वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या बाबतीत असेच घडले. ‘पोर्टफोलिओशिवाय काम मिळत नाही’ असे सांगून एका संस्थेने तिच्याकडून मोठी रक्कम घेतली. वडिलांनी ती पतसंस्थेतून कर्जाऊ काढली होती. हाती आला तो सुमारे साठ छायाचित्रांचा जाडजूड अल्बम. त्यात गडद रंगभूषा, भाड्याचे पोशाख आणि संगणकावर गुळगुळीत केलेली त्वचा. मुंबईत एका जाहिरातीच्या निवडीसाठी ती गेली तेव्हा तो अल्बम बाजूला ठेवून ‘साधा फोटो आहे का?’ एवढेच विचारण्यात आले. तो तिच्यापाशी नव्हता. पोर्टफोलिओ म्हणजे नेमके काय, याची माहिती अध्यापकांस असती तर हे टळले असते, या जाणिवेतून प्रस्तुत लेखन केले आहे.

पोर्टफोलिओची संकल्पना :
पोर्टफोलिओ हा सौंदर्याचा संग्रह नसून पुरावा असतो. ही व्यक्ती कॅमेऱ्यापुढे प्रत्यक्षात कशी दिसते, तिची उंची व अंगकाठी कोणत्या वस्त्रास अनुरूप आहे, एकाच चेहऱ्यातून किती भाव उमटू शकतात, हे काम देणाऱ्यास पाहावयाचे असते. साडीच्या कॅटलॉगसाठी निवड करणारा उभे राहण्याची ढब पाहील, तर टूथपेस्टची जाहिरात करणारा हास्य. घड्याळाच्या जाहिरातीत तर केवळ हातही पुरतात. म्हणून आपणास कोणत्या प्रकारचे काम हवे आहे व आपण कोणत्या कामास योग्य आहोत, हे ठरविल्यावाचून छायाचित्रे काढणे व्यर्थ होय.

साधी छायाचित्रे :
या क्षेत्रात प्रथम मागितली जातात ती ‘डिजिटल्स’. यांनाच जुन्या सवयीने ‘पोलरॉइड’ म्हणतात. पूर्वी ती त्या कंपनीच्या तत्काळ छायाचित्र देणाऱ्या फिल्मवर काढीत. कंपनीने २००८ मध्ये त्या फिल्मचे उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. नाव तेवढे टिकले. यासाठी रंगभूषा नको, दागिने नकोत. अंगासरशी साधी बनियन वा टी-शर्ट, जीन्स, मागे बांधलेले केस, पांढरी भिंत आणि खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड पुरेसा असतो. समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्णाकृती, हसताना व न हसता अशी सात-आठ छायाचित्रे मित्र-मैत्रिणीने मोबाइलवर काढली तरी चालतात. मात्र मोबाइल चेहऱ्याच्या फार जवळ धरू नये. त्यामुळे नाक मोठे व कान लहान भासतात. चार पावले मागे जाऊन, पूर्णाकृतीसाठी कंबरेच्या उंचीवर तो धरावा. फिल्टरचा वापर कटाक्षाने टाळावा. सोबत उंची, छाती, कंबर, नितंब यांची मापे व पादत्राणाचा क्रमांक अचूक लिहावा. वाढवून सांगितलेली उंची पोशाख अंगावर चढताच उघडी पडते. थोडक्यात, सर्वाधिक उपयुक्त भागास जवळजवळ काहीच खर्च येत नाही, आणि नेमके हेच विद्यार्थ्यास कोणी सांगत नाही.

मुख्य संच व कॉम्प कार्ड :
यानंतर मुख्य संच. प्रारंभी दहा-बारा छायाचित्रे पुष्कळ झाली. एक निकटचित्र, एक-दोन पूर्णाकृती, भारतीय व पाश्चात्त्य पोशाख, मोकळे हास्य, चालतानाची एखादी मुद्रा असे वैविध्य असावे. पाहणारा संचाची पारख त्यातील दुर्बल छायाचित्रावरून करतो; शंका असलेले छायाचित्र काढून टाकणेच श्रेयस्कर. ही छायाचित्रे बहुधा ‘टेस्ट शूट’मधून मिळतात. नवोदित छायाचित्रकार, रंगभूषाकार व मॉडेल या तिघांनाही कामाचे नमुने हवे असतात, म्हणून ते परस्परांकडून मोबदला न घेता एकत्र येतात. प्रत्यक्ष काम प्रसिद्ध झाले की त्याचे पान संचात येते व जुने चाचणीचित्र बाहेर जाते. याच संचातील निवडक चित्रांचे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचे कॉम्प कार्ड तयार करतात. पुढे एक चेहरा व नाव, मागे तीन-चार चित्रे, मापे व संपर्क. घरचा पत्ता त्यावर कधीही छापू नये.

हक्क व करार :
कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा प्रथम हक्क, विरुद्ध करार नसल्यास, काढून घेणाऱ्याकडे असतो. म्हणजे त्या विद्यार्थिनीच्या छायाचित्रांची मालकी मुळात तिच्या बाजूची होती. तिने न वाचता सही केलेल्या अर्जाने ती संस्थेकडे गेली. विनामोबदला टेस्ट शूटमध्ये मात्र हक्क सामान्यतः छायाचित्रकाराचा राहतो. म्हणून छायाचित्रे कोण, कोठे वापरणार याची लेखी नोंद हवी. कनिष्ठ महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षांखालील असतात व भारतीय करार कायदा, १८७२ नुसार ते करार करण्यास सक्षम नसतात. तेथे पालकांची उपस्थिती व सही आवश्यक समजावी. छायाचित्राचे आयुष्य दीर्घ असते, हेही सांगावयास हवे. मधु सप्रे व मिलिंद सोमण यांच्या १९९५ मधील पादत्राणांच्या जाहिरातीवरून झालेला खटला २००९ पर्यंत चालला व निर्दोष मुक्ततेत संपला.

फसवणूक कशी ओळखावी :
पैसा कोणत्या दिशेने वाहतो, हे पाहावे. खरी एजन्सी मिळवून दिलेल्या कामाच्या मानधनातून कमिशन घेते. फसवी संस्था पोर्टफोलिओ विकण्यावरच चालते. ‘छायाचित्रकार मी निवडला तर चालेल का?’ हा एक प्रश्न विद्यार्थ्यास शिकवून ठेवावा. नकार आला तर उठून यावे. निवडीपूर्वी नोंदणी शुल्क मागणे, कामाची हमी देणे, पावती टाळणे, मोबाइलवर अंगप्रदर्शन करणारी छायाचित्रे मागविणे या सर्व धोक्याच्या खुणा होत. पावती असल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे जाता येते, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार करता येते, आणि पैसे ऑनलाइन गेले असल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

सदर विद्यार्थिनीची साधी छायाचित्रे पुढे ग्रंथालयाच्या उत्तरेकडील खिडकीपाशी तिच्या मैत्रिणीने काढली. त्यांवरून तिला गावातीलच एका साडीच्या दुकानाच्या कॅटलॉगचे दोन दिवसांचे काम मिळाले. पतसंस्थेचे हप्ते मात्र अद्याप चालू आहेत.