दारी येणारा आधार

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांचा जो कारभार पूर्वी अकोल्याच्या कचेरीतून चालत असे, तो वाकाटकांच्या वत्सगुल्म या प्राचीन राजधानीच्या स्थानी वसलेल्या वाशीम नगरात आला. कचेरी जवळ आल्याने दाखले, दावे आणि अर्जफाटे यांची सोय झाली, हे खरेच. परंतु ज्या घरात आठ दिवसांचे अर्भक आहे, त्याच्या आधीचे अडीच वर्षांचे मूल आईचा पदर सोडत नाही, बाप रोजंदारीवर गेलेला आहे आणि म्हाताऱ्या सासूला डोळ्यांनी धड दिसत नाही, त्या घराच्या दृष्टीने जिल्ह्याचे ठाणेच काय, दोन मैलांवरचे उपकेंद्रही दूरच असते. अशा घराला साहाय्य करावयाचे, तर त्या साहाय्यानेच चालत जाऊन उंबरठा ओलांडला पाहिजे. घरभेटीच्या सेवेचे सारे तत्त्व एवढ्यातच सामावलेले आहे, आणि ते महाराष्ट्रात कसे रुजले व वाशीमसारख्या जिल्ह्यात त्याचे मोल केवढे, याचा विचार प्रत्येक सुजाण वाचकाने करावा असा आहे.

वाशीम हा प्राधान्याने कोरडवाहू शेतीचा मुलूख आहे. सोयाबीन, तूर आणि कापूस या पिकांवर, म्हणजे अखेर पावसाच्या लहरीवर, येथील बहुसंख्य संसार उभे आहेत. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी व्यथित होऊन २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले त्यांत वाशीम होता, आणि २०१८ च्या जानेवारीत देशभरातील मागास जिल्ह्यांची आकांक्षित जिल्हे म्हणून निवड झाली तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली व उस्मानाबाद यांच्या जोडीला वाशीमचेच नाव आले. या दारिद्र्याचा पहिला आघात ज्यांच्यावर होतो ते जीव बोलू शकत नाहीत. निंदणाच्या दिवसांत किंवा सोयाबीनच्या सोंगणीच्या वेळी रोजी बुडवणे परवडत नाही म्हणून बाळंतीण सव्वा महिना पुरा होण्याआधीच वावरात जाते, आणि तान्हे लेकरू आजीच्या किंवा सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या ओटीत राहते. पहिले बाळंतपण माहेरी होते, तेथे डिंकाचे लाडू, शेकशेगडी आणि आईचा हात असतो. परंतु दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला माहेर बहुधा पुरे पडत नाही. ज्या तांड्यांतून व वस्त्यांतून दिवाळीनंतर तरणी माणसे कामाच्या शोधात परमुलखात रवाना होतात, तेथे तर शेजारचे घरही कुलूपबंद असते. पूर्वी जो आधार भाऊबंदांच्या व आळीच्या सहवासातून अनायासे मिळत होता, तो आता कोणीतरी बुद्धिपुरस्सर उभा करावा लागतो.

तो उभा करण्याचे पहिले मोठे प्रयोग महाराष्ट्राच्याच भूमीवर झाले, ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे या दांपत्याने नगर जिल्ह्यातील जामखेड येथे ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले आणि गावातल्याच निरक्षर, बहुशः दलित व परित्यक्ता स्त्रियांना शिक्षण देऊन त्यांच्याकडे गावाच्या आरोग्याची जबाबदारी सोपविली. त्या कार्याची दखल घेऊन १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. पुढे १९८६ साली डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली, तेव्हा त्यांना असे आढळले की, अर्भके मरतात ती प्रामुख्याने जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत, आणि त्या दिवसांत आई व मूल दोघेही घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असल्याने कोणत्याही दवाखान्याची दृष्टी त्यांच्यावर पडत नाही. मग त्यांनी १९९५ पासून एकोणचाळीस गावांत तेथल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार करून घरोघर पाठविले. न्यूमोनिया ओळखण्यासाठी त्यांनी आधीच एक साधे साधन घडविले होते: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्या जोडीला मण्यांची ओळ. बाळाच्या दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू सरण्याच्या आत हात लाल मण्याशी पोहोचला तर औषधोपचार आरंभावयाचा. ज्या स्त्रीला साठापर्यंत अंक मोजता येत नाहीत तिलाही जे समजेल, तेच शास्त्र खेड्यात टिकेल, ही दृष्टी त्या मण्यांच्या ओळीत होती. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अशी सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत आरोग्यदूतांच्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी बासष्ट टक्क्यांनी घटले होते. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनाद्वारे नवजात अर्भकांच्या घरभेटींची सर्व विकसनशील राष्ट्रांना शिफारस केली, तिच्यामागे गडचिरोलीच्या या पाऊलवाटांचा मोठा आधार होता.

आज वाशीम जिल्ह्याच्या गावोगावी हे काम 'आशा' करते. १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने सामान्यतः एक हजार लोकवस्तीमागे एक अशी ही स्वयंसेविका नेमण्याची तजवीज केली. ती त्याच गावची रहिवासी आणि विवाहित, विधवा अथवा घटस्फोटित असावी, आणि नोकर म्हणून नव्हे तर मानसेवी कार्यकर्ती म्हणून तिने काम करावे, असे ठरले. २०११ पासून तिच्याकडे नवजात अर्भकाच्या गृहभेटी आल्या. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, अशा सहा. आणि ते घरीच झाले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. कमी वजनाच्या किंवा नवजात काळजी कक्षातून घरी आलेल्या बाळाकडे याहून अधिक खेपा घालाव्या लागतात.

अशी एखादी भेट जवळून पाहण्यासारखी असते. आशाताई दारात आली की आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुते आणि ते फडक्याला न पुसता हवेत वाळू देते. तिला पाहून घरातली बाई नकळत आपलेही हात धुते, आणि एका व्याख्यानाने जे साधले नसते ते साधते. पिशवीतून घड्याळ काढून ती बाळाच्या उघड्या पोटाकडे मिनिटभर एकटक पाहत श्वास मोजते. साठ किंवा अधिक भरले तर पुन्हा मोजते, कारण तान्ह्या बाळाचा श्वास सारख्या लयीत चालत नाही. मग काखेत तापमापी, आणि त्यानंतर कापडी झोळी काट्याला अडकवून वजन. काटा अडीच किलोच्या खाली थांबला की तिचा चेहरा गंभीर होतो, पण आवाज नव्हे. दाराशी बसलेली आजी मध्येच विचारते, "माय, नाळेले हयद-तेल लावा लागते न?" आणि आशाताई म्हणते, "नाही आजी, काहीच लावू नका, कोरडी राहू द्या; आपोआप पडते ते." आजीने आपल्या चार लेकरांच्या नाळेला हळद लावलेली असते आणि ती लेकरे जगलेलीही असतात. म्हणून आशाताई वाद घालीत नाही. ती पुढच्या खेपेला पुन्हा येते, नाळ पाहते आणि कोरडी नाळ आजीलाच दाखविते. दूध ओढण्याची शक्ती कमी झाली, हातपाय सैल पडले, रडणे क्षीण झाले किंवा अंग गार लागले, तर विलंब न लावता १०२ क्रमांकाची मोफत गाडी बोलवायची, हे ती दर भेटीत सांगते. आणि दर भेटीत सांगते म्हणूनच मध्यरात्री ते आठवते.

परंतु नोंदवहीत ज्याला रकाना नाही असेही पुष्कळ काही या भेटीत घडते. बाळंतिणीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे आली आहेत, ती बाळाकडे पाहत नाही, विचारल्यावाचून बोलत नाही, आणि बोलली तर 'मलाच काही जमत नाही' एवढेच म्हणते, अशी अवस्था बाळंतपणानंतर अनेक स्त्रियांना येते. ती आळसाची नव्हे, बाहेरच्या बाधेचीही नव्हे, तर उपचाराने व आपुलकीने बरी होणारी व्यथा आहे. दवाखान्याच्या रांगेत ती कोणालाच दिसत नाही. घरात येऊन चहाच्या निमित्ताने घटकाभर टेकलेल्या बाईला मात्र ती दिसते. नवऱ्याचे व्यसन, सावकाराचा तगादा, तिसरीही मुलगीच झाली म्हणून घरात धरलेला अबोला, या गोष्टी चौथ्या-पाचव्या भेटीवाचून कोणी उघड करीत नाही. घरभेटीचे खरे सामर्थ्य असे पुनरावृत्तीत आहे. एकदा येणारा मनुष्य पाहुणा किंवा तपासनीस असतो, पुनःपुन्हा येणारा विश्वासाचा होतो.

पहिले बेचाळीस दिवस पार पडले म्हणजे संकट टळले असे नव्हे. सहाव्या महिन्यानंतर वरचे अन्न वेळेवर व पुरेसे मिळाले नाही तर मूल खुरटते, आणि दोन वर्षांच्या आत झालेली ही हानी पुढे सहसा भरून येत नाही. यास्तव २०१८ साली लहान बालकांच्या गृहभेटींची योजना निघाली आणि तिची अंमलबजावणी आकांक्षित जिल्ह्यांपासून करावयाची असे ठरल्याने वाशीम तिच्या पहिल्या टप्प्यातच आला. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या व पंधराव्या महिन्यात आशाताई पुन्हा दारी येते. वजन, लसी, लोहाचे औषध, जुलाबावरची क्षारसंजीवनी, आणि वाटीत काय व किती वाढावे, हे पाहते. या योजनेने आणखी एक गोष्ट तिच्याकडे सोपविली आहे, ती म्हणजे बाळाशी बोलणे व खेळणे घरच्यांना शिकविणे. हा विषय किरकोळ नव्हे. जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली खुरटलेल्या गरीब मुलांच्या घरी स्थानिक कार्यकर्त्या दोन वर्षे आठवड्यातून एक तास जात आणि टाकाऊ वस्तूंची खेळणी करून आईला मुलाशी खेळण्यास शिकवीत. वीस वर्षांनंतर त्या मुलांची कमाई, ज्यांच्या घरी कोणी गेले नव्हते अशा तितक्याच गरीब मुलांपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. ज्या घरात पुस्तक नाही तेथे वाटी-चमचा, मक्याचे कणीस आणि आजीची गाणी आहेत. त्यांचे मोल घरच्यांना पटवून देणारे माणूस तेवढे हवे असते.

इंग्लंडातील लेस्टर शहरात मार्गारेट हॅरिसन या बाईंनी १९७३ साली 'होम-स्टार्ट' नावाचे कार्य सुरू केले, त्याचाही येथे उल्लेख करणे अवश्य आहे. ज्यांनी स्वतः मुले वाढविली आहेत अशी माणसे, थोडे शिक्षण घेऊन, पाच वर्षांखालील मुले असलेल्या आणि अडचणीत सापडलेल्या एखाद्या कुटुंबाकडे आठवड्यातून दोन-तीन तास जातात. औषध देत नाहीत, दोष काढीत नाहीत, केवळ त्या आईच्या जोडीला राहतात. आपल्याकडे आरोग्याचे अंग पुष्कळ विकसित झाले आहे, हे निखळ सोबतीचे अंग मात्र आशाताईने सवड काढली तरच पदरात पडते. आणि सवड ही तिच्याजवळ फार थोडी आहे. सर्वेक्षणे, लसीकरण, क्षयाच्या रुग्णांची देखरेख, भ्रमणध्वनीवर भरावयाची माहिती आणि वेळोवेळी वरून येणारे हुकूम, या सर्वांत तिचा दिवस सरतो. नवजात बाळाच्या साऱ्या भेटी यथासांग पूर्ण झाल्यावर तिला त्यापोटी २५० रुपये, आणि पुढच्या भेटींपोटी प्रत्येकी ५० रुपये देण्याचा नियम झाला. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. तरीही दोन वर्षांच्या आतच महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संपावर जावे लागले, आणि त्यानंतर २०२४ च्या मार्चमध्ये राज्य सरकारने मासिक ५,००० रुपयांची वाढ मंजूर केली. स्वयंसेवा हा उदात्त शब्द आहे. परंतु ज्या गरीब स्त्रीचे स्वतःचे लेकरू घरी वाट पाहत आहे, तिच्या श्रमाचा मोबदला वेळेवर न देता तिच्या सेवाभावाची स्तुती करणे हा अन्यायच होय.

म्हणून दोन गोष्टी एकदमच व्हावयास हव्यात. शासनाने आशाताईचे देणे दर महिन्यास चुकते करावे आणि तिच्यावरील कागदांचा भार कमी करून तिला घरात बसण्याइतका वेळ परत द्यावा. आणि गावाने तिच्या जोडीला उभे राहावे. ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. त्या रकमेतून निंदण-सोंगणीच्या हंगामात तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर चालविता येते. बचतगटांतून वडीलधाऱ्या, समंजस आणि ऐकलेले पोटात ठेवणाऱ्या चार बायका निवडून, आशाताई व अंगणवाडीताई ज्या घराची काळजी सांगतील त्या एकेका घराकडे त्यांनी आठवड्यातून एकदा जावे: बाळंतिणीला न्हाऊमाखू घालावे, थोरल्या मुलाला तासभर सांभाळावे, पाण्याचे दोन हंडे भरून द्यावेत, आणि मुख्यतः तिचे म्हणणे ऐकावे. याला मोठा निधी लागत नाही, इमारत लागत नाही, नवा शासननिर्णयही लागत नाही. लागते ती नियमितता, आणि कोणाच्या गरिबीची किंवा घरच्या कलहाची चर्चा पाणवठ्यावर न करण्याची शपथ. वाशीमच्या प्रत्येक गावात अशा चार बायका आहेत. ग्रामसभेने त्यांना मानाने बोलावून हे काम त्यांच्या हाती देण्याचाच काय तो अवकाश आहे.